आबांनी भिंतीला घातलेली गोधडी

कुणाच्याही घरी गेले की माझा हात आधी पश्चिमेच्या भिंतीवर जातो, चहाचं नंतर बघू. माझी धाकटी जाऊ म्हणते, "वहिनी, लोक आधी देव्हाऱ्याकडे बघतात, तुम्ही भिंतीला ताप आलाय का ते बघता." बघते बाई. बत्तीस वर्षं तेच तर केलं.

जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्याला माझं ड्रॉइंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, एक तिरपं टेबल आणि दारावर पाटी. नवी घरं मोठमोठे इंजिनिअर बांधायचे. माझ्याकडे यायची ती जुनी, खंगलेली, मालकानं स्वतःच अर्धी पाडून ठेवलेली. आणि मालक आत आले की माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. मागे कुणी नसायचं, फक्त पाण्याचा माठ असायचा. "साहेब कधी येतील?" मी म्हणायचे, "आलेत, बसा." पदविका घेतलेली बाई साइटवर उभी राहते हे पचायला लोकांना दोन तरी चकरा लागत. तोवर मी त्यांच्या घराचं माप काढून मोकळी झालेली असे.

आता थोडी मास्तरकी करते, कंटाळू नका. आमच्या खानदेशात घराचा वैरी एकच, दुपारनंतरचं ऊन. ते पश्चिमेकडून येतं आणि तिरपं येतं, म्हणजे छपराची वळचण त्याला अडवू शकत नाही, ते सरळ भिंतीच्या अंगावर येतं. जुनी माणसं काय करायची? दीड-दीड हात जाडीची मातीची भीत घालायची. मातीची जाड भीत आळशी असते. दुपारी लागलेलं ऊन आत पोचवायला तिला रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं बाजा टाकून अंगणात गेलेली असतात. विटेची साडेचार इंची भीत मात्र भारी कामसू. तिला चार वाजता ऊन लागलं की पाचला आत हजर.

पण ऐंशीच्या पुढे ज्याला त्याला कामसू भिंतीच हव्या झाल्या. वर 'सिलॅप', म्हणजे स्लॅब, खाली फरशी, भिंतीला ऑइलपेंट. मातीच्या घराची लाज वाटायला लागली. जाड भीत पाडली की खोली हातभर मोठी होते, याचाही मोह. माणसं चांगली थंड घरं पाडून भट्ट्या बांधायची आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर तोंड पाडून माझ्याकडे यायची. लोटन आबा असेच आले. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. संक्रांत होऊन गेली होती.

पारोळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत त्यांचं गाव. कापसाची शेती, वय साठीचं, पांढरी टोपी, बोलणं ठेठ खानदेशी, 'आहे'ला 'शे' म्हणणारं, आणि आवाज असा की दुकानातला माठ दचकावा. त्यांनीही आधी माझ्या मागे पाहिलं.

"इंजिनेर कोठे शे?"

"मीच."

आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, टोपी काढली, परत घातली. "बरं शे," म्हणाले, "घरनं काम बाईलेच समजस. माले भित थंडी करानी शे. आखाजीना आधी."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेरच्यांना वाटतं, असेल एखादा मुहूर्ताचा दिवस. आमच्याकडे तो लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तर चालेल, पण आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. झाडांना झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि लेकी चांगल्या पंधरा-पंधरा दिवस मुक्काम ठोकतात. आणि हे सगळं कधी? तर ऐन वैशाखात, जेव्हा कावळासुद्धा सावली सोडत नाही.

आबांना एकच लेक, मंगल. धुळ्याला दिली होती, जावई हायस्कुलात मास्तर. लेक-जावयाला पक्की खोली हवी म्हणून आबांनी तीन वर्षांपूर्वी घराची पश्चिमेची मातीची भीत पाडली होती आणि तिथे विटांची, स्लॅबची, गुळगुळीत फरशीची खोली काढली होती. पंखा लावला, खिडकीला पडदा लावला, दाराला आतून कडी. गावात तशी खोली दुसरी नव्हती. त्या आखाजीला मंगल आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या चार वर्षांच्या पोराचा घोळणा फुटला, नाकातून रक्त. तिसऱ्या दिवशी ती धुळ्याला परत गेली. जावई जाताना म्हणाले, "खोली फार छान आहे, मामा." बस, तेवढंच. पुढच्या दोन्ही आखाज्यांना मंगल सकाळच्या गाडीनं यायची, जेवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मुक्काम नाही.

हे सांगताना आबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "अक्का बोलत नही माले," म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची बायको. "बोलस, पन भितले देखी देखी बोलस."

मी गावी जाऊन आले. खोलीत मार्चच्या सुरुवातीलाच हात भाजत होता. मी सरळ सांगितलं, "आबा, बाहेरून मातीची जाड भीत परत घाला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात थंड."

"मातीनी?" आबा उडालेच. "मीच पाडी, आते मीच बांधू? गाव हासी हासी मरी जाई!"

कूलर ठेवा म्हणावं तर दुपारी लाईट नसायची आणि विहिरीला पाणी नसायचं. तेव्हा मी एक बेत काढला. खरं सांगते, त्यात माझाही स्वार्थ होता. पदविकेच्या पुस्तकात मी एक पोकळ भीत पाहिली होती. दोन भिंती, मध्ये तीन बोटं जागा, त्या जागेत नुसती हवा. हवा उन्हाला पुढे जाऊ देत नाही. जळगाव-धुळ्याकडे अशी भीत मी कुठे पाहिली नव्हती आणि मला ती बांधायची खुमखुमी होती. छताचं मी मडक्यांनी भागवणार होते. कुंभाराकडची फुटकी-चिरकी मडकी स्लॅबवर पालथी मांडायची आणि वरून चुना. ते काम जुनंच, त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते भिंतीचं.

मी आबांना अंगणात काडीनं रेघोट्या ओढून दाखवलं. ही जुनी भीत, ही नवी, ही मधली जागा.

"आठे काय भरानं?" आबांनी मधल्या जागेवर बोट ठेवलं.

"काही नाही. तिथे हवा राहील."

"हवा तर बाहेर बी शे. ती भरासाठे भित कसाले बांधानी?"

माझा गुलाब मिस्त्री जवळच उभा होता. पुढे वीस वर्षं माझ्याबरोबर काम केलेला, मातीच्या भिंती घालण्यात वाकबगार, बोलायला चिडका. तोही आबांच्या बाजूनं झाला. "बाई, रिकामी भीत म्हणजे मला काही पटत नाही. उद्या कुणी ठोकून पाहिली तर पोकळ वाजेल. माझी इज्जत जाईल." मी दोघांवर वैतागले. मुकाट सांगते तसं करा म्हटलं. दोन्ही भिंतींना जोडायला मध्ये सळईचे तुकडे टाका, खालच्या थरात ओळीनं भोकं सोडा म्हणजे पाणी झिरपलं तर बाहेर जाईल, आणि मधली जागा रिकामी. रिकामी म्हणजे रिकामी. आबांनी मान डोलावली. शेतकऱ्यानं एवढ्या पटकन मान डोलावली की सावध व्हायचं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

काम चैत्रात सुरू झालं आणि नेमका माझ्या मुलाला गोवर आला. दहा दिवस मी दुकानाकडेही फिरकले नाही. अकराव्या दिवशी गावात उतरले तेव्हा भीत छतापर्यंत गेलेली, स्लॅबवर मडकी बसलेली, बाहेरून गिलावासुद्धा झालेला, आणि एक गडी बादलीनं त्यावर पाणी मारत होता. नवीन कामाला आठ-दहा दिवस रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. मी भिंतीवर टिचकी मारली. पोकळ वाजली नाही. भरल्या पोत्यासारखी थप्प वाजली.

"गुलाबभाऊ, आत काय आहे?"

मिस्त्री आकाशाकडे बघायला लागला. आबा मात्र छाती काढून पुढे आले.

"ताई, तुम्हीच सांगा. गोधडीमा काय ऱ्हास? कापूस. मंग भितले बी गोधडी घाली दिधी!"

कप्पाळ माझं! शेवटच्या वेचणीचा डागाळलेला कापूस, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात, तो आबांच्या घरात पडून होता. तो सगळा त्यांनी थरागणिक दाबून दाबून भिंतीत भरला होता. मी खूप बोलले. बोलून झाल्यावर मनात म्हटलं, तसा विचार काही वेडगळ नाही. कापूस ऊब धरतो तसं ऊनही अडवेल. आखाजी बारा दिवसांवर आली होती, गिलावा झालेला होता. मी म्हटलं, असू दे. बत्तीस वर्षांतला माझा सगळ्यात महागडा 'असू दे' तो हाच. कारण कापूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गादीतला कापूस आला. आबांचा कापूस शेतातून थेट आलेला होता. त्यातली सरकी त्यातच होती.

सरकी म्हणजे बी हो! आणि तिला अंधार मिळाला, उकाडा मिळाला, आणि गडी रोज सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालत होता.

आखाजीला पाच दिवस राहिले असताना आबांचा निरोप आला, "ताईले म्हना, लगेच या." मी पोचले तेव्हा घरामागे निम्मं गाव जमलं होतं. खालच्या थरातल्या माझ्या त्या शहाण्या भोकांतून, एकेका भोकातून दोन-दोन, तीन-तीन, कोवळी हिरवी रोपं बाहेर डोकावत होती. काहींना तर दोन पानं फुटलेली. जवळ गेले तर ओल्या कापसाचा आंबूस वास. भीत आतून उबली होती, हात लावला तर बाळंतिणीच्या खोलीसारखी गरम.

गाव काय सोडतंय? "आबा, भितनी निंदणी कव्हय?" एक म्हातारा विचारत होता. दुसरा म्हणाला, "एक कोळपं फिराई द्या!" तिसऱ्यानं फवारणीचा पंप आणू का म्हणून विचारलं, आणि तो चेष्टा करत नव्हता, खरंच आणायला निघाला होता. मलाही हसू येत होतं. पण मी आबांकडे पाहिलं आणि हसू गिळलं. ते रोपांकडे बघत नव्हतेच. ते त्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

"ताई," हळूच म्हणाले, "पोरनं पत्र उनं. या वरीसले राह्यसू म्हने. मीच लिखेल व्हतं तिले, की भित थंडी व्हई गयी."

म्हणजे मंगलला मुक्कामाचा शब्द गेला होता. खोली थंड झाली आहे, पोराला घेऊन ये, असा. आणि खोलीच्या भिंतीला पीक आलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका. आबांना काय ठाऊक? पुस्तक मी वाचलं होतं. ऐनवेळी 'असू दे' मी म्हटलं होतं.

त्या वेळी अक्का घरातून बाहेर आल्या. ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला. तोवर मी त्यांना चार शब्दसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हासी लिधं का बठ्ठ्यास्नी? मंग ओटी बांधा. कापूस शे ना? येचाना शे."

आणि खरंच, त्या भिंतीची वेचणी झाली. गुलाब मिस्त्रीनं खाली एक रांग आणि वर छताखाली एक रांग, दर दोन हातांवर एकेक वीट काढली. वरून सळईनं ढोसायचं, खालून आकड्यानं ओढायचं, आणि बायका ओटीत घ्यायच्या. ओला, काळपट, मोड आलेला कापूस. शेतात वेचतात तशाच ओळीनं उभ्या, तशाच गप्पा, अक्का मुकादमीण. मिस्त्री घामाघूम होऊन दर पाच मिनिटांनी म्हणत होता, "मी आधीच म्हणालो होतो." काय म्हणाला होता ते मी त्याला विचारलं नाही, भांडण झालं असतं. दीड दिवसात भीत रिकामी झाली. सगळा कापूस उकिरड्यावर गेला.

मग मिस्त्रीनं विटा परत बसवायला घेतल्या आणि मी म्हटलं, थांबा. वरच्या भोकातून माझ्या तोंडावर गरम हवा येत होती. खालून गार आत जात होती, वरून तापलेली बाहेर पडत होती. भीत श्वास घेत होती म्हणा ना! हे पुस्तकात होतं. चित्रात खाली भोकं होती तशी वरही होती. वरची मी विसरले होते. उंदीर शिरू नयेत म्हणून आम्ही भोकांना जाळी लावली आणि तशीच ठेवली. सरकी उगवली नसती तर मी वरून बंद, अर्धवट भीत बांधून मोकळी झाले असते, आणि तीच बरोबर म्हणून दहा ठिकाणी दाखवली असती. पुढे तशा सात भिंती बांधल्या, सगळ्या वर-खाली भोकांच्या. गिऱ्हाईक विचारायचं, हे कुठे शिकलात? मी म्हणायचे, पुस्तकात.

आखाजीच्या दिवशी आबांनी मला जेवायला बोलावलं. बोलावणं कसलं, परीक्षाच होती माझी. मी अकरालाच पोचले. मंगल आलेली होती. तिशीची, सावळी, आईसारखी ठेंगणी, नि मुलगा आता सात वर्षांचा. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस झाला. हात धुऊन आबा उठले आणि लेक-जावयाला घेऊन खोलीकडे निघाले. मी मागोमाग. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आणि खोलीत शिरलो तर, स्वतःच्या तोंडानं सांगते, सुखद गार. फरशीवर पाय ठेवावेसे वाटत होते. जावई मास्तरांनी भोवताली पाहिलं, "वा, मामा" म्हणाले, गादीवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी सगळी धावपळ भरून निघाली.

मग मंगलनं खुंटीवरची चादर काढली, पोराचा हात धरला आणि ती खोलीच्या बाहेर पडली. सरळ मधल्या घरात गेली. मधलं घर म्हणजे जुना भाग, मातीच्या भिंतींचा, अंधारलेला. तिथे अक्का सतरंजी टाकून लवंडल्या होत्या. त्यांच्या शेजारी मंगलनं चादर अंथरली.

आबा दारात. "पोरी, तठे काय करी राहिनी? खोली थंडी व्हई गयी ना आते! देख ना, हात लाई देख!"

"थंडी शे, आबा. देखी मी."

"मंग? ऊन लागाव नही आते तुले!"

मंगल उठून बसली. मग म्हणाली, "धुळ्याले काय कमी ऊन शे का, आबा? आमनी खोलीवर तर पत्रा शे."

खरंच की! धुळ्याला काय चांदणं पडतं? बारा महिने पत्र्याखाली राहणारी बाई उन्हाला भिऊन माहेर सोडून जाईल, हे आम्ही तिघांनी, मी, मिस्त्री आणि आबांनी, मान्य तरी कसं केलं?

"पोऱ्यानं नाक फुटनं, ते निमित्त व्हतं," मंगल म्हणाली. "तुम्ही माले खोली दिधी. आत गई की तुम्ही भाईरथून दार लोटी लेवा. पाव्हना निजेल शेत, गप ऱ्हावा, म्हनी बठ्ठ्यास्ले सांगा. माय चहा ताटमा लई येवाले लागनी, दार वाजाडीसन. खोली माले सासरले बी शे, आबा. आठे माले मायजवळ पडानं ऱ्हास."

माहेरी तिला आईशेजारी पडायचं होतं. एवढंच. वर्षभराचं साठलेलं दुपारी आडवं पडून आईशी बोलायचं, तेच आबांनी लाडानं, कौतुकानं, दार लोटून बंद केलं होतं. आणि मी ती बंद खोली गार करून दिली होती. ऊन कुठून येतं, पाणी कुठून येतं, सगळं मी मोजलं होतं. त्या घरात दुपारी कोण कुणाशेजारी झोपतं हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि मी बाई असून सुचलं नाही. याचं वाईट मला अजून वाटतं.

आबा खांबासारखे उभे होते. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी टोपी काढून कोनाड्यात ठेवली.

"ताई, हाई मधली भित काढता येई का?"

"नाही, आबा. वरचं धाबं, मातीचं सगळं छत, तिच्यावर आहे."

"आनि दार?"

"दार काय, कधीही निघेल."

"मंग आते काढसू."

आणि जेवून सुस्तावलेला तो साठीचा माणूस दाराशी गेला, खालून पहार घातली आणि फळी बिजागरीवरून उचलली. "आबा, सांभाळीसन!" म्हणत मंगलनं दुसरं टोक धरलं. बाप-लेकीनं मिळून ते दार अंगणात नेऊन टेकवलं. एवढ्या खडखडाटात जावई एकदा कुशीवर वळले, बाकी काही नाही. खोलीतला गारवा मधल्या घरात यायला लागला. आबांनी उंबऱ्यालगतच पटकूर टाकलं आणि लेकीकडे तोंड करून लवंडले. मंगल आईला काहीतरी सांगायला लागली होती, धुळ्याच्या कुणा शेजारणीचं, आणि अक्का हसत होत्या.

मी चपला शोधत होते. चारची गाडी होती.

"ताई," अक्कांनी झोपल्या झोपल्या हाक मारली, "आखाजीले तू कोन्या गावले जास, माय?"

मी थांबले. माझं माहेर अमळनेरकडचं. आई तिथेच होती. डागडुजीचा सगळा हंगाम उन्हाळ्यात, त्यामुळे आखाजीला मी सहा वर्षांत गेले नव्हते. कुणी विचारलंही नव्हतं. "हंगाम असतो," मी म्हटलं.

अक्का मंगलच्या बाजूला सरकल्या, आपल्या डोक्याखालची उशी काढून मोकळ्या जागेत ठेवली आणि तिच्यावर दोनदा थोपटलं.

चारची गाडी गेली. बत्तीस वर्षांत साइटवर मी झोपले ती तेवढी एकदाच.